रिकाम्या गावात पाहुणा: एका चित्रपटाच्या प्रकल्प नोंदी

२८ ऑक्टोबर

पटकथेचा खर्डा आज बंद केला. या वहीत यापुढे कामाच्या नोंदी. संवाद आणि वेळापत्रक अशी दोन्ही कामं माझ्याकडे आहेत, म्हणून दोन्हींबद्दल इथेच लिहीन.

गोष्ट थोडक्यात अशी. ठाण्यात वाढलेला एक मुलगा मालवण तालुक्यातल्या आपल्या मूळ गावी येतो. आजोबांच्या नावची जमीन विकायची आहे. सातबारा सामाईक, त्यावर पणजोबांपासूनच्या वारसांची रांग. कुणाचा तुकडा नेमका कुठे हे वाटप झाल्याशिवाय सांगता येत नाही, आणि घेणारा म्हणतो सगळ्यांच्या सह्या आणा. मुलगा रात्रीच्या गाडीनं कणकवलीला उतरतो, पहाटे रिक्षानं गावात पोहोचतो, आणि गावात कुणीच नसतं. घरांना कड्या, गोठे रिकामे, कुत्रं नाही, कोंबडी नाही. त्याची खात्री पटते की सही द्यावी लागू नये म्हणून सगळे हिस्सेदार गुरंढोरं घेऊन पळाले.

प्रत्यक्षात गाव पळणीला गेलेलं असतं.

आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत ही प्रथा आजही पाळतात. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल मिळाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. म्हातारीकोतारी, तान्ही मुलं, गाई-म्हशी, कोंबड्या, सगळं. वेशीबाहेर झोपड्या उभ्या राहतात, तिथे चुली पेटतात, भजनं होतात. परत यायचं तेही पुन्हा कौल घेऊनच. आमच्या चित्रपटातलं गाव काल्पनिक आहे आणि त्याचं नाव आम्ही कुठेही घेणार नाही. प्रथा मात्र खरी आहे आणि ती जशी पाळली जाते तशीच दाखवायची आहे.

शहरातला माणूस गावात येऊन गांगरतो, यावर आपल्याकडे बरंच काही झालंय. शेणात पाय, विहिरीत बादली, म्हशीची शिंगं. मला त्यातलं काही नको होतं. इथे तो यायच्या आत गावच आपली जागा सोडून बाहेर गेलंय. दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणाहून उठलेल्या. हे सुचल्यापासून मला या चित्रपटावर विश्वास आहे.

६ नोव्हेंबर

जिथे चित्रीकरण करायचंय त्या वाडीच्या मानकऱ्यांसोबत देवळाच्या सभामंडपात बैठक. काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, पणत्या अजून दीपमाळेवर होत्या.

प्रत्यक्ष पळणीच्या काळात कुठल्याच गावात कॅमेरा न्यायचा नाही, हे आमचं आधीच ठरलं होतं. त्या तीन दिवसांत वेशीच्या आत माणूस जात नाही, मग आम्ही कोण? त्यामुळे रिकामं गाव रचावं लागणार. एका वाडीतली पाणंद आणि तिच्या दोन्ही बाजूंची घरं पहाटे काही तासांसाठी रिकामी मिळावीत, एवढीच विनंती केली.

मानकऱ्यांनी पटकथा वाचून घेतली. पूर्ण. मग त्यांच्यातले सर्वांत वयस्कर बोलले. त्यांच्या अटी दोन. भूत दाखवायचं नाही. आणि मुलगा वेशीच्या आत सापडतो तेव्हा त्याला कुणी हाकलून द्यायचं नाही. 'तो गावचो झील आसा. चुकान ग्येलो तर गाऱ्हाणा घालूचा, मोकळा व्हावचा.' बाहेर आल्यावर देवापुढे गाऱ्हाणं घालून त्याला मोकळं करायचं, गावाची रीत तशी आहे.

दुसरी अट आमच्या पटकथेत नव्हती. तिच्यामुळे मध्यंतरापूर्वीचा सगळा भाग बदलतो आणि बराच चांगला होतो. गावकरी रागावण्याऐवजी काळजीत पडतात. त्याला बाहेर काढायचंय, पण आणायला आत कुणी जाऊ शकत नाही. मग ओढ्याच्या एका काठावर अख्खं गाव, पलीकडे एकटा तो, आणि शंभर तोंडांतून शंभर सूचना. कुठल्या घळणीतून उतरायचं, कुठला दगड निसरडा, बॅग डोक्यावर घ्यायची की गळ्यात. प्रत्येकाची वाट वेगळी आणि प्रत्येकाची वाट बरोबर. गावातल्या माणसाला ओढा पायाखालचा असतो. शहरातल्याला तो पहिल्यांदा दिसतोय. हसू या अंतरातून येईल, आणि त्यात कुणाचीच इज्जत जाणार नाही.

रात्री बसून तो प्रसंग नव्यानं लिहिला.

१४ नोव्हेंबर

आबांच्या, म्हणजे मुलाच्या काकांच्या, भूमिकेसाठी दशावतारात राजाची कामं करणारे एक कलावंत मिळाले. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुणाचं काम करणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी बोलायचे. तेही रात्रभर. समोर मृदंग, पायपेटी, झांज. इतकी वर्षं असं काम केलेल्या माणसाच्या हातात मी पाठ करायला कागद देणं मला पटलं नाही. त्यांना प्रसंग सांगितला: पुतण्या सहीचा कागद पुढे करतो, तुम्हाला सही करायची नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा शोधला, चष्मा डोळ्यांवरच होता, कागदावरचं पहिलं नाव मोठ्यानं वाचलं आणि त्या नावाच्या माणसाची हकिगत सुरू केली. तो मुंबईला केव्हा गेला, कुणाच्या खोलीवर उतरला, मनीऑर्डर कुठल्या महिन्यात यायची. मग दुसरं नाव. कागदावर नावं बरीच आहेत. समोरचा नट हातात पेन धरून बसलेला.

हा प्रसंग एका सलग शॉटमध्येच घ्यायचा, हे दिग्दर्शकानं तिथेच ठरवलं.

वेळापत्रकासाठी: जत्रांचा हंगाम सुरू झालाय. अण्णा रात्री दहिकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या प्रयोगाला, असतात, सकाळी घरी पोहोचतात. त्यांना दुपारी तीनच्या आत बोलवायचं नाही. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' अशी म्हण दशावताऱ्यांबद्दल इकडे आहे. निदान आमच्या सेटवर त्यांना पुरेशी झोप मिळाली पाहिजे.

२४ नोव्हेंबर

आज फक्त भरती-ओहोटी.

किनाऱ्यावरच्या प्रसंगांना ओली, रुंद पुळण हवी, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास ओहोटी. जुना ढोबळ हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वा अकरा. ओहोटी त्याच्या सहा तास आगेमागे. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-पाऊण तासानं पुढे सरकतं. म्हणजे आम्हाला हवी द्वितीया. नेमक्या वेळा छापील कोष्टकावरून घेतल्या, कारण मालवणकडे भरती या हिशोबाच्या थोडी आधी लागते.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ते दिवस घरांतल्या प्रसंगांना ठेवले.

निर्मिती व्यवस्थापक मुंबईचे. त्यांच्या तक्त्यात तारखा होत्या, मी शेजारी तिथीचा रकाना आखला. आता सगळी टीम सकाळी आधी तिथी विचारते.

रात्रीचे किनाऱ्यावरचे प्रसंग मात्र काढून टाकले. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ. मादी रात्री पुळणीवर येऊन अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राच्या बाजूच्या उजेडाकडे जातात. आपले दिवे लागले तर ती उलट दिशेला, माडांकडे सरकतील. कॅमेरामनला चंद्रप्रकाशातला समुद्र हवा होता आणि त्याची कल्पना सुंदर होती. ती खाडीकाठी करू, तिथल्या शांत पाण्यात प्रतिबिंबही मिळेल.

२२ डिसेंबर

पौष शुद्ध द्वितीया. रिकाम्या गावाचं चित्रीकरण झालं.

वाडीतल्या बायकांनी आदल्या संध्याकाळी कोंबड्या डालग्यांत घालून पलीकडच्या वाडीत नेल्या. कुत्र्यांना घरची मुलं घेऊन गेली. पंप बंद. एका आजींनी दार लोटून घेताना आतला दिवा मालवला आणि मला म्हणाल्या, पळणीला जाताना त्यांच्या माहेरी असंच करतात, तर इथेही तसंच दिसू दे. त्यांचं माहेर कुठलं ते त्यांनी सांगितलं, मी वेगळं विचारलं नाही.

आज खरं काम ध्वनीचं होतं. रिकामं गाव डोळ्यांना चटकन पटतं, कानांना पटायला वेळ लागतो. समुद्राची गाज, झावळांची सळसळ आणि मुलाच्या बॅगेच्या चाकांचा जांभ्या दगडांवरचा खडखडाट. एवढंच. आमच्या ध्वनिमुद्रकानं प्रत्येक अंगणाचा रूम टोन, म्हणजे त्या जागेच्या शांततेचा आवाज, वेगळा घेतला, कारण मातीच्या अंगणात आणि फरशीच्या ओटीवर तोच आवाज निराळा येतो. चाकांचा आवाज जितका मोठा, तितका मुलगा एकटा दिसतो. त्याला बॅग उचलून घ्यावीशी वाटते, तो ती उचलतो, पुन्हा ठेवतो. नटानं हे आपणहून केलं.

कॅमेरा लांब ठेवला. विनोदी चित्रपटात चेहऱ्याजवळ जायचा मोह होतो. पण परकेपणा दाखवायचा तर माणसाभोवतीची जागा दिसली पाहिजे: उंच माड, उतरती कौलं, तुळस, आणि त्यात एक इस्त्रीचा शर्ट. तो फोन लावतो, 'काका, मी तुमच्या अंगणात उभा आहे, तुम्ही कुठे आहात?' पलीकडून आबा विचारतात, 'आत? तू आत कसो ग्येलस?' हा पूर्ण संवाद आम्ही लांबूनच पाहतो.

गावकरी हसताहेत असा एकही शॉट चित्रपटात असणार नाही. मुलाच्या अडचणीवर हसायचं की नाही हे प्रेक्षकानं ठरवावं.

२७ डिसेंबर

ओढ्याचा प्रसंग. वाडीतली सगळी माणसं आली, त्यांना काय ओरडायचं ते लिहून दिलं नव्हतं. छान.

६ जानेवारी

रापणीचा दिवस. या नोंदीवर जास्त वेळ घालवतोय, कारण चित्रपटाचं मर्म इथे आहे.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. एक टोक काठावरच्या माणसांकडे, होडी उरलेलं जाळं पाण्यात अर्धवर्तुळात सोडत जाते आणि दुसरं टोक थोड्या अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्हीकडे दोरीला माणसं लागतात आणि पाठीमागे चालत ओढत राहतात. शेवटच्या माणसानं दोरी गुंडाळून पुन्हा पाण्याजवळ यायचं आणि पुढून धरायचं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात. काम तासन्‌तास चालतं. म्हावरं आलं की वाटे घालतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग माणसांचे. ज्यानं दोरीला हात लावला त्याला काही ना काही मिळतं, तो रापणीचा असो वा नसो.

पटकथेत मुलगा व्हिडिओ काढता काढता दोरीला हात लावतो आणि सोडायचं कसं ते न कळल्यामुळे शेवटपर्यंत ओढत राहतो. शेवटी त्याच्यासमोर वाटा ठेवला जातो. तो पाकीट काढतो. पैसे कुणाला द्यायचे ते त्याला कळत नाही, कारण घ्यायला कुणीच हात पुढे करत नाही.

आम्ही खरी रापण चित्रित केली. कधी टाकायची ते तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, पाण्याचा रंग आणि पक्षी बघून ठरवलं, आम्ही कॅमेरा घेऊन थांबलो. जाळं आलं. थोडी तारली, मूठभर पेडवे, काही बांगडे आणि पुष्कळ जेलीफिश.

कमी मासळी ही इथली रोजची गोष्ट आहे. पर्ससीन (मासळीचा थवा घेरून उचलणारं मोठं यांत्रिक जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या नौकांशी पारंपरिक मच्छीमारांचा संघर्ष मालवण किनाऱ्यावर अनेक वर्षं चालू आहे. राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी रापणीच्या जाळ्यात पूर्वीसारखं म्हावरं नाही, असं इथली प्रत्येक जुनी व्यक्ती सांगते. दिवसभर ओढून हातात काय येतं ते आज सगळ्या टीमनं पाहिलं.

निर्मात्यांनी बाजारातून टोपल्या आणून जाळं भरायचं सुचवलं. दृश्य नक्कीच देखणं झालं असतं. मी विरोध केला आणि दिग्दर्शक माझ्या बाजूनं उभा राहिला. जाळं भरून वाहत असताना पाहुण्याला चार मासे देणं कुणालाही जमतं. आज सगळ्यांनाच थोडं आलं, आणि तरीही वाटे घालताना मुलाचा वाटा वेगळा निघाला: तीन बांगडे आणि थोडी तारली, इतरांच्या वाट्याएवढीच. तांडेलांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. नट सकाळपासून दोरीला होता, म्हणजे त्याचा वाटा झालाच. नट खरोखरच गोंधळला. त्यानं पाकिटाकडे हात नेला, मग तसाच खाली घेतला आणि मासे कशात न्यायचे ते शोधू लागला. शेवटी लॅपटॉपच्या पिशवीत.

जमिनीत आपला हिस्सा नेमका कुठे ते गेले कित्येक दिवस शोधूनही मुलाला सापडत नाही. इथे तो मागितल्याशिवाय पायापाशी ठेवलेला आहे. हे कुठल्याही संवादातून सांगणार नाही.

२० जानेवारी

मुंबई. शेवटचा हिस्सेदार लालबागला राहतो, त्याची सही आणायला काकी मुलासोबत येते. इथे पारडं फिरतं, आता परकी ती. निदान मुलाला तसं वाटतं.

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावांच्या खोल्या असत. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण, पाळीनं झोपायचं, जेवण खानावळीत. गावाहून नवीन मुलगा आला की त्याला नोकरी लागेपर्यंत खोली सांभाळून घ्यायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक जण गावी परतले, कित्येकांनी मिळेल ते काम धरलं. आमच्या नायकाचे आजोबा असेच एका खोलीवर उतरले होते. मुंबईत तेही कधीतरी नवखेच होते, आणि गावानं त्यांना जागा करून दिली होती. आबांनी कागदावरची नावं वाचताना सांगितलेल्या हकिगती इथे येऊन पूर्ण होतात.

काकीला मुलगा रस्ता ओलांडायला हात देतो, लोकलमध्ये कुठे धरायचं ते शिकवतो. ती ऐकते. मग टोपली घेऊन सरळ लगेजच्या डब्यात चढते, तिथल्या मासेवालीशी बांगड्याच्या भावावरून बोलणं सुरू करते आणि उतरेपर्यंत तिला लालबागच्या पत्त्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं ठाऊक झालेलं असतं. मुलगा शेजारच्या डब्यात चेंगरलेला. काकीचं काम करणाऱ्या बाई मालवणच्या हौशी रंगभूमीवरच्या. भाव करताना त्यांची मान जी हलते, तिच्यासाठी मी दोन पानं संवाद आनंदानं कापले.

लोकलच्या आतलं चित्रीकरण रेल्वेच्या रीतसर परवानगीनं, कमी माणसांत, दुपारच्या मोकळ्या वेळेत.

१४ फेब्रुवारी

संकलन. आबांचा सहीचा प्रसंग सलग ठेवलाय. संकलकाला मध्ये एकदा मुलाचा चेहरा हवा होता. तसं करून पाहिलं आणि पुन्हा काढलं. कापलं की हसू तुटतं, कारण मजा वाट पाहण्यात आहे. प्रेक्षकालाही पेन धरून बसावं लागलं पाहिजे.

गाऱ्हाण्याचा प्रसंग पूर्ण ठेवलाय. 'व्हय म्हाराजा' असा सगळ्यांचा आवाज एकत्र उठतो तेव्हा मुलाचे ओठ थोडे उशिरा हलतात. तिथे पार्श्वसंगीत नाही.

९ मार्च

शिमग्याची गडबड ओसरल्यावर वाडीतल्या लोकांना आणि रापणकरांना कच्चं संकलन दाखवलं. सभामंडपात पडदा लावला, आवाज लॅपटॉपवरून.

ओढ्याच्या प्रसंगाला लोक पुन्हा ओरडले. पडद्यावरच्या मुलाला नव्या सूचना दिल्या.

रापणीनंतर तांडेल मला बाजूला घेऊन म्हणाले, वाटणी अर्धीच दिसते. आम्ही लांबी कमी करायला वाटे घालणं कापलं होतं आणि थेट मुलासमोरच्या माशांवर आलो होतो. 'वाटणी पुरी दाखवा. नायतर लोक म्हणतले, मुंबयकाराक फुकट दिल्यानी.' त्यांचं म्हणणं असं की आधी होडीचा, मग जाळ्याचा, मग एकेका माणसाचा वाटा पडताना दिसला, तरच त्याचा वाटा हक्काचा वाटेल.

संकलकाशी फोनवर बोललो. वाटणीचा पूर्ण शॉट परत आत घेतोय, वाळूवर एकेक ढीग पडतो तिथपासून. त्यासाठी लागणारी चाळीस सेकंदं मावळतीच्या ड्रोन शॉटमधून काढायची.